सगळी इंजेक्शनं एकीनंच का द्यायची?

मागच्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे साडेनऊ वाजलेले. वॉर्डातल्या मावशी धावत माझ्या टेबलाशी आल्या. "मॅडम, बारा नंबरचा पेशंट कायतरीच बडबडायलाय बघा." जाऊन पाहिलं तर काकांचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते आणि म्हशीला वैरण टाकली का, असं ते मला विचारत होते. शुगर लावली. ४२, म्हणजे फारच खाली. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, शिरेतून दिलं, थोड्या वेळात काका भानावर आले, इकडंतिकडं बघितलं आणि चहा मागितला.

काय झालं होतं ते शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. काकांना पहाटे पाचला उलटी झाली होती. नाइटच्या सिस्टरनं सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटांची माहिती सोपवताना, ते सांगितलं होतं, पण ओव्हर घेत होती ती बीपी-टेम्परेचर बघणारी सिस्टर. इंजेक्शनवाली सिस्टर तेव्हा कोपऱ्यात ट्रॉली भरत होती. पावणेआठला तिनं चार्टप्रमाणे दहा युनिट इन्सुलिन दिलं. साडेआठला नाश्ता आला, काकांनी ताट बाजूला सारलं. ते मावशींनी बघितलं, कारण ताट उचललं त्यांनी. उलटी एकीला ठाऊक, इन्सुलिन दुसरीला ठाऊक, तसाच राहिलेला उपमा तिसरीला ठाऊक. काका मात्र एकच.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला पाच 'राइट' घोकून घेतात: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्या मुलीनं पाचही पाळले होते. तरीही मी तिच्याकडून खुलासा लिहून घेतला, कारण आमच्याकडं पद्धतच तशी होती. चोवीस वर्षांची पोर, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन दोन वर्षं झालेली. लिननच्या खोलीत कपाटाला कागद टेकवून उभ्या उभ्या तिनं लिहिलं, "माझ्या निष्काळजीपणामुळे सदर प्रकार घडला, पुन्हा असे होणार नाही." मी खाली सही केली आणि कागद वर पाठवला. ती सही मला आजही टोचते.

दुपारी ओव्हर झाल्यावर मावशी जाता जाता म्हणाल्या, "पोरीनं सकाळपास्नं पाण्याचा घोट घेतला न्हाई मॅडम. मी दोनदा म्हणलं, पी बाई. तर म्हणती, ट्रॉली संपू दे."

मी कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलात पुरुष मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. बावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची सहा इन्चार्ज म्हणून. तीस बेड. सकाळी सात ते दोन तीन सिस्टर, दोन ते नऊ दोन, रात्री नऊ ते सात दोन. सकाळची वाटणी वर्षानुवर्षं ठरलेली: एकीनं सगळ्यांची औषधं आणि इंजेक्शनं, दुसरीनं सगळ्यांचं बीपी, टेम्परेचर, शुगर आणि चार्टिंग, तिसरीनं डॉक्टरांबरोबर राउंड, ॲडमिशन आणि डिस्चार्ज. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही असंच होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मी कधी विचारलंच नव्हतं. आपण घरातल्या ओट्याची उंची जशी गृहीत धरतो तशी ती वाटणी मी गृहीत धरली होती.

आणि तिचे फायदेही खरे आहेत, ते नाकारणार नाही. एकीचा हात बसतो. नव्या मुलीला एकच काम शिकवलं की ती दुसऱ्या दिवसापासून उपयोगी पडते. माणसं कमी असली की असं ओढून नेता येतं.

त्या आठवड्यात मी नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, हे साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय." तिनं मला आयझाबेल मेन्झीज या बाईंच्या कामाबद्दल सांगितलं. लंडनच्या एका मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलमध्ये विद्यार्थिनी नर्सेस मोठ्या संख्येनं शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. बाईंनी तिथलं काम जवळून पाहिलं आणि १९६० साली त्यावर लेख लिहिला. काम असं तुकड्या-तुकड्यांत वाटलेलं होतं की एका नर्सच्या वाट्याला एक पूर्ण माणूस कधी येतच नव्हता. पेशंटला नावानं न बोलावता बेड नंबरानं किंवा आजारी अवयवानं ओळखायचे, "दहा नंबरचं लिव्हर" असं. ठरलेली वेळ झाली म्हणून झोपलेल्या पेशंटला उठवून झोपेची गोळी द्यायचे. मेन्झीज यांचं म्हणणं असं की आजाराच्या, मरणाच्या इतकं जवळ राहण्याची भीती अंगावर येऊ नये म्हणून ही वाटणी नकळत तयार होते. पण त्यामुळं भीती कमी होत नाही. नर्सच्या हाती कामाचं समाधान तेवढं लागत नाही.

मी हे ऐकत होते आणि माझ्याच वॉर्डातले आवाज कानावर येत होते. "सात नंबरचं सलाईन संपलं." "अठराचा कॅथेटर काढायचाय." आणि माझ्याच तोंडचं, "बाराचं इन्सुलिन कुणी दिलं?"

सोमवारी मी एक साधी गोष्ट केली. आठ ते नऊ या औषधांच्या तासात एक कोरा कागद घेऊन ट्रॉलीमागं थांबले. सिस्टर औषध काढत असताना कुणी तिला थांबवलं की एक रेघ मारायची. सतरा रेघा झाल्या. लिननच्या कपाटाची किल्ली कुठाय. फार्मसीचा फोन. चारच्या नातेवाइकांना डिस्चार्ज किती वाजता ते हवं होतं. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या फाइलला एक सही राहिली होती म्हणून आरोग्यमित्र येऊन उभे. आरएमओंनी, म्हणजे वॉर्डाच्या निवासी डॉक्टरांनी, कालचा रिपोर्ट मागितला. आणि दोनदा मी स्वतः. एकदा तर मी तिला हाक मारून विचारलं होतं की परवा डबल ड्युटी करशील का. तिच्या एका हातात सिरिंज होती, दुसऱ्या हातात फोडलेलं ॲम्प्यूल. ती "हो मॅडम" म्हणाली आणि परत लेबल वाचायला लागली. पहिल्यापासून.

तो कागद मी जपून ठेवलाय.

एप्रिलमध्ये आम्ही वाटणी बदलली. तीस बेड, तीन सिस्टर, प्रत्येकीला दहा पेशंट. त्या दहाजणांचं सगळं तिनं बघायचं: ओव्हर, औषध, बीपी, ताट रिकामं झालं का, घरचं कोण येतं, डिस्चार्जला काय समजावायचं. ओव्हर बेडजवळ उभं राहून आणि ज्याची त्यानंच घ्यायची.

पहिला विरोध सर्वांत सीनियर सिस्टरकडून आला. पंधरा वर्षं इंजेक्शनं त्यांनी केली होती आणि त्यांच्याइतकी शीर आमच्या मजल्यावर कुणालाच सापडत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता मी परत टेम्परेचर घेत फिरू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, अपमान होता. मला ते आधी सुचायला हवं होतं. मी त्यांचं काम काढून घेत होते आणि बदल्यात काय देणार ते सांगितलंच नव्हतं. मग आम्ही ठरवलं की अवघड शीर असली की कुणाच्याही पेशंटसाठी त्यांनाच बोलवायचं आणि नव्या मुलींना ते शिकवण्याचं काम त्यांचं. आता एखाद्या म्हाताऱ्या हाताची शीर मिळाली की नवी मुलगी त्यांना शोधत येते, "ताई, सापडली." त्यांचा चेहरा तेव्हा बघावा.

दुसरा विरोध डॉक्टरांचा. राउंडला एकच सिस्टर सोबत हवी, तीन-तीन कुठं शोधायच्या? यावर तोडगा असा निघाला की राउंडला मी जाते आणि त्या त्या बेडची सिस्टर तिच्या पेशंटपाशी येऊन उभी राहते. आधी डॉक्टर विचारायचे, "रात्री किती वेळा लघवीला झाली?" आणि राउंडवाली सिस्टर फाइलची पानं उलटायची. आता उत्तर तोंडावर असतं. महिनाभरात सर्वांत जास्त कुरकुर केलेले डॉक्टरच इतर वॉर्डात सांगायला लागले.

दहा म्हणजे दहा असं नसतं हे आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. एकीच्या दहात दोन अर्धांगवायूचे आणि एक दारू सोडवतानाचा, रात्रभर बेडवरून उतरणारा. दुसरीच्या दहात सहाजण उद्या घरी जाणारे. तेव्हापासून सकाळी ओव्हरनंतर पाच मिनिटं उभ्यानं बोलतो: आज जड कोण? त्याप्रमाणे एकीला सात, एकीला अकरा, एकीला बारा. ही वाटणी मुली स्वतः करतात. मी फक्त ऐकते, अगदीच अडलं तर बोलते.

रात्रीला मात्र हे जमलं नाही. दोनच सिस्टर, त्यात पहाटे तीनला ॲडमिशन आली की पंधरा पेशंट सोडून एक त्यातच अडकते. तीन आठवडे रेटून पाहिलं, मग मुलींनीच सांगितलं की रात्रीपुरतं जुनं बरं. परत गेलो. फक्त बेडजवळची ओव्हर तेवढी कायम ठेवली.

एक बारीकसं काम, पण त्याचा आनंद मला सर्वांत जास्त झाला. कॉम्प्युटर आल्यापासून एकच बीपी आम्ही तीन ठिकाणी लिहीत होतो: टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर, नर्सेस नोटमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर आला तेव्हा कागद बंद करायचं कुणी मनावरच घेतलं नव्हतं. मुलींनी एका दिवसाचा हिशोब काढून दिला, मी तो मेट्रन मॅडमपुढं, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांपुढं, ठेवला. नोटमधली दुबार नोंद बंद झाली. दर सिस्टरमागं रोज अर्धा तास सुटला. त्या अर्ध्या तासात त्या काय करतात? पहिल्या आठवड्यात मी पाहिलं, तिघी पॅन्ट्रीत बसून डबा खात होत्या. बसून.

आता ड्युटी लिस्ट. इन्चार्जच्या हातात खरी सत्ता कुठं असेल तर त्या एका तक्त्यात असते, आणि मी ती सहा वर्षं विचार न करता वापरली. रविवारी संध्याकाळी लिस्ट ग्रुपवर टाकायचे, सोमवारपासून लागू. इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग देणं तर सर्रास. इव्हिनिंग नऊला संपते, ओव्हर देऊन बाहेर पडायला साडेनऊ. कागलची मुलगी घरी पोचते साडेदहाला, जेवून झोपते साडेअकराला, पहाटे पाचला उठते आणि सातला इन्सुलिन काढते. हे गणित कागदावर कधी मांडलंच नव्हतं. मांडल्यावर लाज वाटली. मार्चची ती सकाळही तशीच होती. आदल्या रात्री नऊपर्यंत ती मुलगी इव्हिनिंगला होती, आणि तिला तशी ड्युटी मीच लावली होती. खुलाशात ती ओळ कुठंच नव्हती.

आता इव्हिनिंगनंतर मॉर्निंग नाही, काहीही झालं तरी. पाळी पुढं सरकते: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट, मग सुट्टी. उलटी फिरवत नाही, कारण शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. नाइट सलग सात असायच्या, त्या तीनवर आणल्या. रात्रपाळी ही साधी गैरसोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेनं २००७ सालीच शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. हॉस्पिटल रात्री बंद ठेवता येत नाही. पण सात रात्री सलग द्यायच्या की तीन, हे माझ्या पेन्सिलीवर होतं.

लिस्ट महिनाभर आधी लागते आणि आधी कोरा तक्ता पॅन्ट्रीत टांगलेला असतो. जिला जो दिवस हवा तो तिनं लिहायचा. एकीचा शनिवारी जर्मनचा क्लास असतो. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत, तेव्हापासून आमच्या मजल्यावर 'गुटन मॉर्गन' ऐकू येतं. एक इन्चार्ज मला म्हणाली, जाणाऱ्या मुलीला शनिवारची सुट्टी कशाला द्यायची? मी देते. जाईपर्यंत ती माझ्या दहा पेशंटांची सिस्टर आहे.

दिवाळीचा प्रश्न तर दरवर्षी रडवायचा. गेल्या वर्षी मी सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, तुम्ही ठरवा. दोन तास भांडल्या. मग आमच्यातली एक ख्रिश्चन सिस्टर म्हणाली की लक्ष्मीपूजनाची नाइट मी करते, मला २५ डिसेंबर द्या. तिच्यामागून भाऊ नसलेली एक म्हणाली, भाऊबीज माझी. लिस्ट तशी बनली आणि पहिल्यांदाच दिवाळीत एकही 'आजारी' फोन आला नाही.

व्हॉट्सॲपचं सांगायलाच हवं. करोनात ग्रुप काढला तेव्हा त्याची गरज होती, ऑक्सिजनचा हिशोबही त्यावर चालायचा. नंतर तो तसाच राहिला आणि मी रात्री अकराला घरी बसून लिहायला लागले, "नऊ नंबरचा इनटेक-आउटपुट चार्ट अपूर्ण आहे. कोणाची ड्युटी होती?" सोबत फोटो. मला वाटायचं मी दक्ष आहे. जूनमध्ये राजीनामा द्यायला आलेल्या एका मुलीनं शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा येतो. सुट्टीच्या दिवशी पण." तिनं राजीनामा मागं घ्यावा असं माझ्याकडं तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. ती गेली. त्या रात्रीपासून ग्रुपवर फक्त लिस्ट जाते. चूक दिसली तर दुसऱ्या दिवशी समोरासमोर, एकटीला, आणि आधी प्रश्न: त्या वेळी वॉर्डात काय चाललं होतं?

आमच्या व्यवस्थापनाला मुलींची काळजी नाही असं मी म्हणणार नाही. १२ मेला नर्सेस डे होतो, ताणतणावावर व्याख्यान होतं, प्राणायाम शिकवतात. दोन वर्षांपूर्वीचं व्याख्यान मीच ठेवलं होतं, सकाळी अकराला, आणि हॉल भरावा म्हणून नाइट संपवून निघालेल्या चार मुलींना थांबवून घेतलं होतं. त्या मागच्या रांगेत बसल्या बसल्या झोपल्या. वक्त्या श्वास मोजायला सांगत होत्या. त्या चौघींना श्वास घेता येत होता, त्यांना घरी जाऊ द्यायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची जी व्याख्या स्वीकारली त्यात तो आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या जागचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्यानं होणारी गोष्ट, असं तिथं म्हटलंय. मी ते वाक्य वॉर्डातल्या बोर्डावर मराठीत लिहिलंय, म्हणजे राउंडला येणारे सगळे वाचतील.

पगाराचा प्रश्न यात येत नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. ते किती ठिकाणी मिळतं हे या व्यवसायातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. माझ्या पेन्सिलीनं ते सुटत नाही.

आणि माणसांची संख्याही सुटत नाही. मांडणी बदलून जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं बहुतेक मिळालं. आता दहा पेशंट हेच जास्त आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांचा तो अभ्यास होता. एका नर्समागं एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्स पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी, असं त्यात निघालं. कॅलिफोर्नियात नर्समागं किती पेशंट असावेत याचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००४ पासून लागू आहे. तिथलं सगळं इथं लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण एकीकडं बारा पेशंट असताना तिला "हसतमुख राहा" असं सांगायला माझं तोंड उघडत नाही.

मार्चमधली ती मुलगी अजून माझ्याकडंच आहे. तिच्या फाइलमधला खुलासा काढून टाकता येत नाही असं मला वरून सांगितलं गेलं. मग मी त्याच्या मागं माझं एक पान जोडलं: त्या दिवशीची ओव्हर, आदल्या रात्रीची इव्हिनिंग, सतरा रेघांचा कागद, आणि त्या आठवड्याची ड्युटी लिस्ट, खाली माझ्या सहीसह. तिला दाखवलं. ती बराच वेळ वाचत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं मीच विसरले."

सकाळसाठी चौथी सिस्टर द्यावी म्हणून तिसऱ्यांदा अर्ज केलाय. यावेळी सोबत सहा महिन्यांचा हिशोब आहे: रोज जड पेशंट किती, डबल ड्युट्या किती, किती जणी सोडून गेल्या आणि नवीला तयार करायला किती आठवडे गेले. हिशोब मुलींनी मांडलाय, अक्षर त्यांचं आहे. सोमवारी साडेअकराला मीटिंग आहे. मी एकटीनं जायचं असा रिवाज आहे, पण सीनियर सिस्टर म्हणाल्या, "मी पण येते. शिरा कोण शोधतं ते त्यांनी एकदा बघू दे."